सहा मागांचे चार महिने

माझी धाकटी जाऊ कापडगिरणीत मागावर आली तेव्हा विणकाम खात्यात तिचं नाव पडलं 'सावकाश'. तिला काहीही सांगा, ती म्हणायची, "होईल की, सावकाश." नाव ठेवलं मुकादमाने, पण निमित्त मी दिलं. तिला कामाला मीच लावली होती, आणि पहिल्याच आठवड्यात मी मुकादमाला म्हणाले, "माणूस चांगलं आहे हो, पण चावी द्यायची राहून गेलीय."

त्याआधी ती दुसऱ्यांच्या इमारतींचे जिने पुसायची. मागावर आल्यावर एकदा मला म्हणाली, "ताई, जिना पुसून वर पोचेपर्यंत खालून कुणीतरी बूट घालून चढत यायचं. कापड तसं नाही. केलं की ते राहतं." तिला मागाच्या कामाचं काय वाटत होतं ते एवढ्यावरून कळावं. पहिलं कापड उतरलं तेव्हा तिने त्यावरून हात फिरवला आणि तो हात दिवसभर धुतला नाही. आम्ही हसलो. मनातून मला ते आवडलं होतं.

काम समजायला अवघड नाही. उभे धागे ताण्याचे, आडवे बाण्याचे. आडवा धागा धोटा नेतो. धोटा म्हणजे दोन वितींची लाकडी होडीच, तिच्या पोटात सुताची कांडी. कांडी संपली की माग थांबवायचा, नवी कांडी घालायची, तिच्या सुताचं टोक धोट्याच्या अंगातल्या बारीक भोकातून बाहेर काढायचं, आणि माग परत चालू. ते टोक काढायला लोखंडी आकडी मिळते. ती कुणी वापरत नव्हतं. भोकाला ओठ लावायचे, श्वास आत ओढायचा, सूत तोंडात येतं. आकडीला सात-आठ सेकंद लागतात, तोंडाला एक. चार माग असले की पाळीला तीनशे कांड्या होतात. धाकटी सुरुवातीला आकडी वापरायची. तिच्या खिशातून ती मीच काढून घेतली. म्हटलं, "ही कुबडी घेऊन कितीशी धावणार तू?" तीन पाळ्या चालायच्या, म्हणजे एका धोट्याला तीन तोंडं लागायची. धोटा बाहीला पुसून घेतला की आमची स्वच्छता झाली.

सात वर्षं तिने चार माग चालवले. धावपळ कधी केली नाही, पण तिच्या कापडात दोष शोधायला तपासणारे चष्मा पुसून बसायचे. पाचव्या-सहाव्या वर्षी तिच्या पोटात जळजळ सुरू झाली. त्याचं कुणाला नवल नव्हतं. निम्म्या खात्याच्या पोटात जळजळ होती. आम्ही चहाला नावं ठेवायचो आणि चहाच प्यायचो.

आठव्या वर्षी तिला चावी बसली.

हे हळूहळू झालं असणार, पण मला एकदम दिसलं. मागांच्या मधल्या वाटेने ती चालायची ती धावायला लागली. कांडी संपायच्या आधीच ती तिथे उभी. बोलणंसुद्धा बदललं, वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरं सुरू. थंडीचे दिवस होते, आम्ही स्वेटर घालून उभ्या, आणि हिच्या मानेवरून घामाचे ओघळ. एक दिवस मुकादमाला म्हणाली, "पाचवा माग द्या."

मुकादम म्हणाला, "सावकाश, तब्येत बरी आहे ना?"

सगळे हसले. प्रश्न बरोबर होता. पण विचारणाऱ्यालाही तो विनोदच वाटला.

पाचवा मिळाला. तीन आठवड्यांनी सहावा. मीही तोवर पाचच चालवत होते, आणि तेही ओढाताणीने. मुकादम माझ्यापाशी थांबला आणि म्हणाला, "काय जादू केलीत जावेवर?" मी ताठ झाले. म्हटलं, "जादू कसली? माणसाने मनावर घेतलं तर सहा माग म्हणजे काही जास्त नाहीत." हे त्याने वर कचेरीत जाऊन जसंच्या तसं सांगितलं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला बोर्डावर खडूने लिहून आलं: दर विणकराला सहा माग.

शेजारच्या रांगेतली एक जण मला तोंडावर म्हणाली, "तुमच्या घरातला उत्साह तुमच्या घरात ठेवायचा होता. आमच्या डोक्यावर कशाला?" मी म्हटलं, "हात चालवा, तोंड आपोआप थांबेल." मला खरंच वाटत होतं की आळशी माणसांना मेहनती माणूस खुपतो. मीही सहा घेतले. रोज पाळी सुटताना पाय सुजलेले असायचे, पण ते मी कुणाला दाखवले नाहीत.

आम्ही एकाच इमारतीत राहायचो, ती वर, आम्ही खाली. भाऊजी, म्हणजे तिचा नवरा, मालवाहू गाडीवर. आठवड्यातले चार दिवस बाहेर. एकदा येऊन माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"वहिनी, हिला कामावर काय पाजता?"

"का, काय झालं?"

"दोन माणसांचं जेवते आणि काडीसारखी होत चाललीय. भर थंडीत खिडक्या उघड्या टाकते. मी पांघरूण घेतलं तर म्हणते, तुम्हाला नाटकं सुचतात. भांडी घासते की फोडते तेच कळत नाही. तीन कप गेले या आठवड्यात."

मी म्हटलं, "भाऊजी, काम करणाऱ्या माणसाला भूकही लागते आणि रागही येतो. तुम्ही चार दिवस बसून असता, तुम्हाला कसं कळणार?"

"मी बसून असतो?" भाऊजी म्हणाले. "गाडी काय तुमचे दीर ढकलतात?" मग त्यांच्याच लक्षात आलं की माझे दीर तेच, आणि आम्ही दोघं हसलो. विषय तिथेच संपला. संपवायला नको होता.

चौथ्या महिन्यात तिच्या गाठी सुटायला लागल्या. ताण्याचा धागा तुटला की दोन टोकांची बारीक गाठ मारायची, मागाच्या फणीच्या दातांतून अडकल्याशिवाय जाईल एवढी. विणकराची सगळी किंमत त्या गाठीत असते. तिची गाठ डोळे मिटून ओळखता यायची. आता तीच गाठ दोन वारांवर सुटायची, किंवा एवढी जाड व्हायची की शेजारचे चार धागे तोडायची. तपासणीतून तिचं कापड परत येऊ लागलं. तिला वाटायचं आपण पुरेशा जोरात काम करत नाही, म्हणून ती आणखी धावायची.

मग एका सकाळी तिचे सहाच्या सहा माग बंद पडलेले दिसले. ती तिसऱ्या मागापाशी उभी होती. दोन्ही हातांत एकेक टोक, आणि ती टोकं एकमेकांना लागतच नव्हती. बोटं थरथरत होती. मी गेले तशी ती म्हणाली, "ताई, हे हात माझे नाहीत." एवढंच. रडली वगैरे नाही. मी तिच्या मनगटाला हात लावला. नाडी मागापेक्षा जोरात पळत होती.

डॉक्टरबाईंकडे मीच घेऊन गेले. त्यांनी तिला दोन्ही हात पुढे धरायला लावले, बोटं पसरून, आणि वर एक कोरा कागद ठेवला. कागद वाऱ्यात धरल्यासारखा फडफडला. मग म्हणाल्या, "घोटभर पाणी घ्या आणि माझ्याकडे बघत गिळा." गळ्यावर दोन्ही बाजूंनी बोटं ठेवून त्यांनी ते तीनदा करून घेतलं. रक्त घेतलं. परत बोलावलं त्या दिवशी समोर कागद मांडून बसल्या.

"तुमच्या गळ्यात एक ग्रंथी असते," त्या म्हणाल्या. "शरीर किती वेगाने चालायचं ते ती ठरवते. तुमची ग्रंथी गरजेच्या कितीतरी पट काम करतेय."

धाकटी म्हणाली, "मग ती तरी मेहनती निघाली."

"ती स्वतःहून करत नाहीये. तिला हाकलं जातंय. शरीरात रोगजंतूंशी लढणारे रखवालदार असतात. त्यांनी बनवलेलं एक द्रव्य चुकून या ग्रंथीवर जाऊन बसतं आणि तिला सारखं सांगत राहतं, कर, अजून कर. ग्रंथीला थांबता येत नाही."

मी खुर्चीत जरा सरकून बसले.

"रखवालदार चुकतात कशाने?" धाकटीने विचारलं.

"बऱ्याच गोष्टी एकत्र येतात. घराण्यात असावं लागतं बहुधा. तुमच्या आईला, मावशीला गळ्याचं काही?"

"मावशीचा गळा सुजलेला असायचा. आम्ही तिला कबूतर म्हणायचो."

डॉक्टरबाईंनी ते लिहून घेतलं. कबूतर नाही, मावशी. मग पोटाचं विचारलं. जळजळ ऐकून त्यांनी आणखी एक तपासणी सांगितली, आणि पुढच्या वेळी सांगितलं की पोटात एक जंतू घर करून बसलाय, बहुतेक बरीच वर्षं. तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो, बरेचदा तोंडावाटे. "काम काय करता तुम्ही?"

सांगून कळेना म्हणून धाकटीने टेबलावरचं पेन उचललं, टोपण काढून त्याला ओठ लावले आणि श्वास ओढून दाखवला. "असं. पाळीला तीनशे वेळा. आता सहा माग, म्हणजे साडेचारशे."

"आणि तोच धोटा दुसरे लोकही...?"

"तीन पाळ्यांतले तिघं. माग बदलले की आणखी."

तिने पेन परत पुढे केलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "ठेवा, राहू दे तुमच्याकडेच."

मग मी विचारलं. "म्हणजे हे त्या धोट्यामुळे झालं? तिला तोंडाने ओढायला मी शिकवलं."

त्यांनी आधी पुढ्यातले तपासणीचे कागद पुन्हा एकदा वाचले. हे मला आवडलं. मग म्हणाल्या, "असं मी म्हणू शकत नाही. काही संशोधकांना वाटतं की अशा जंतूंच्या अंगावरचा एखादा भाग आपल्या ग्रंथीच्या भागासारखा दिसत असावा. रखवालदार जंतूला मारायला शिकतात आणि तसंच दिसणाऱ्या आपल्याच माणसावर जातात."

"चोराच्या शर्टासारखा शर्ट घातला म्हणून घरच्याला धरला," धाकटी म्हणाली.

"साधारण तसं. पण चोर हाच होता, याचा पुरावा माझ्याकडे नाही. गळ्याच्या या रोग्यांत तो जंतू जास्त वेळा सापडतो असं काही तपासण्यांत दिसलं, काहींत नाही दिसलं. जगात अर्ध्याअधिक लोकांच्या पोटात तो असतो, आणि त्यातल्या फार थोड्यांना गळ्याचा आजार होतो. शिवाय तो बहुतेकांना लहानपणीच, घरातूनच लागतो. तुमच्या धोट्यातून आला असेल, नसेलही." त्या माझ्याकडे वळल्या. "पण धोट्याला तोंड लावणं बंद करा. त्याला माझ्या पुराव्याची गरज नाही."

पोटातल्या जंतूला पंधरा दिवसांच्या गोळ्या पुरल्या. जळजळ गेली. गळ्याचं तसं नव्हतं. जंतू गेला म्हणून तो आजार जाईलच असं नाही, हे डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं. ग्रंथीला आवरणाऱ्या गोळ्या वेगळ्या, आणि छातीची धडधड कमी करणारी आणखी एक. एकंदर दीड वर्ष चालल्या, मग थांबवल्या. अजून ती वर्षातून एकदा रक्त तपासून येते, कारण हा आजार परत डोकं वर काढू शकतो.

थरथरत्या हातांना माग मिळत नाहीत. मुकादमाने तिला घडी खात्यात पाठवलं. तिथे उतरलेलं कापड टेबलावर पसरून तपासायचं, दोषावर खडूची खूण करायची, घडी घालायची. सहा महिने तिने दुसऱ्यांची चूक पाहिली. या सहा महिन्यांत वजन भरलं, झोप आली, खिडक्या बंद झाल्या, भाऊजींना पांघरूण मिळालं. एक दिवस तिने माझ्यासमोर हात पसरले आणि म्हणाली, "ठेवा कागद." घरात कोरा कागद सापडेना, मी विजेच्या बिलाचा ठेवला. हलला नाही.

दुसऱ्या दिवशी ती मुकादमाकडे गेली आणि माग मागितले.

"बोर्डावर सहा आहेत," तो म्हणाला. "सहा चालवणार असशील तर उद्या ये. नाहीतर घडीला काय वाईट आहे? बसून काम आहे."

ती संध्याकाळी खाली आली. मी भाजी निवडत होते. ती समोर बसली, निवडायला लागली आणि खाली बघतच म्हणाली, "सहा मला जमणार नाहीत, ताई. कधीच जमले नव्हते."

"चालवलेस की चार महिने."

"मी नाही चालवले. ज्याने चालवले त्याला आता गोळ्या देऊन बसवलंय." मग म्हणाली, "सहाचा आकडा वर कुणी नेला?"

तिला माहीत होतं. निवडलेली भाजी तिने माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "घडीच्या टेबलावर माझ्या खडूच्या खुणा वाढत चालल्यात. सगळ्यांच्याच कापडावर. तुमच्यासुद्धा. मी बोलले नाही." ती उठून वर गेली.

मला माझ्या कापडाचं लागलं. खोटं कशाला बोलू, तिच्या आजारापेक्षा ते जास्त लागलं. सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी मी घडी खात्यात जाऊन दोषांची वही उघडली. सहा माग झाल्यापासून दोष जवळजवळ तिप्पट होते. माझ्या नावापुढेही. मी वही उचलून मुकादमाच्या टेबलावर ठेवली.

"बोर्डावरचा आकडा चुकलाय," मी म्हटलं.

"तुमचाच आहे तो. मनावर घेतलं तर जास्त नाहीत, कोण म्हणालं होतं?"

"मी. चूक होती माझी. तो आकडा माणसाचा नव्हता, आजाराचा होता. डॉक्टरांचा कागद आहे. आणि हे बघा आमच्या सगळ्यांचं." मी पानं उलटून दाखवली. "तिला चार द्या. तिच्या जुन्या चारांचं कापड आणि आमच्या सहांचं कापड शेजारी ठेवा."

त्याने वही बराच वेळ पाहिली. कचेरीला उत्तर त्यालाच द्यायचं होतं. म्हणाला, "एक पाळी. चार माग. कापड बघतो, मग बोलू."

ती आली ती आकडी घेऊन. खात्यातल्या सगळ्यांच्या नजरा तिच्यावर. कांडी संपली, तिने आकडीने सूत काढलं, सात सेकंद लागले, आणि कुणी हसलं नाही. पहिले सहा तास तिच्या मागांचा आवाज एकसारखा होता. मी माझ्या सहांमध्ये पळत होते, तरी कान तिकडेच.

सातव्या तासाला तिच्या दुसऱ्या मागावर धोटा ताण्यातच अडकला आणि फणी आदळली. दीडशेच्या वर धागे एका फटक्यात तुटले. असं झालं की विणकराच्या तोंडचं पाणी पळतं. मी माझे माग सोडून गेले. दोन हात असले तर अर्ध्या वेळात होतं.

"हात लावू नका, ताई."

"अगं, पाळी संपेल."

"संपू दे." तिने उरलेले तिन्ही माग थांबवले. एकेक करून, स्वतः. चालू माग बंद करणं म्हणजे आमच्यात पाप. मुकादम लांबून बघत होता. ती स्टूल ओढून बसली, पहिली दोन टोकं घेतली, आणि गाठ मारली. मग दुसरी. मी परत माझ्या मागांकडे गेले. दर खेपेला तिच्या वाटेवरून जाताना मी बघायची. डोकं खाली, बोटं चालू. एकदा तिने थांबून हात मांडीवर ठेवले, चार श्वास घेतले, आणि परत सुरू केलं. तेव्हा मी वाटेतच थांबले, पण हात स्थिर होते. ती फक्त दमली होती.

दीड तास लागला. पाळी संपायला वीस मिनिटं असताना तिने चारी माग चालू केले.

कापड टेबलावर पसरलं तेव्हा मुकादमाने स्वतः खडू हातात घेतला. जोडलेल्या पट्ट्यावर त्याने बोट फिरवलं, उजेडाकडे धरलं, उलटं केलं. खडू वापरायची वेळ आली नाही. वारांत मोजलं तर ते इतर कुणापेक्षाही कमी होतं, हे त्याने मोठ्याने सांगितलं. मग म्हणाला, "सावकाश, उद्यापासून पहिल्या पाळीला ये. तुझे चार. बोर्डाचं मी वर बोलतो, कधी पुसतील ते पुसतील."

ती म्हणाली, "बरं." आणि स्टूल जागेवर ठेवायला गेली.

मी तिथेच उभी राहिले.

"तुमचं काय आता?" मुकादमाने विचारलं.

"माझे दोन काढा."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्हालाही गळ्याचं?"

"नाही," मी म्हटलं. "पायांचं आहे. पहिल्या महिन्यापासून."